एलडीएच ६८४ आलं आणि आमची झोप उडाली : घरपोच 'कॅन्सर मार्कर पॅकेज'चा रिव्ह्यू

आधीच सांगते, लॅबचं नाव टाकणार नाहीये. नाव टाकलं की खाली दोन गट पडतात, एक म्हणतो आम्हाला तर छान अनुभव आला, दुसरा म्हणतो सगळे चोर, आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. ज्यांनी ॲपवरून घरपोच ब्लड टेस्ट बुक केली असेल त्यांना अंदाज येईलच की कुठल्या टाईपची कंपनी आहे, मोठी आहे, रंगीत टीशर्टवाली मुलं बाईकवर येतात, पेपरात पानभर जाहिराती असतात. स्टार द्यायचे तर पाचपैकी दोन, आणि त्यातला एक दुसऱ्यांदा आलेल्या मुलीमुळे, ते पुढे सांगते.

आमचे अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, वय ६९. २०२२ मधे मानेला गाठ आली म्हणून दाखवलं तर लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, त्यातला डिफ्यूज लार्ज बी सेल हा प्रकार. तेव्हा आर-चॉप नावाच्या केमोच्या सहा सायकल झाल्या, दर २१ दिवसांनी एक, केस गेले पुन्हा आले, वजन गेलं ते मात्र पूर्ण परत आलं नाही. आता बरे आहेत, सकाळी गोदाघाटापर्यंत चालून येतात आणि येताना भाजीवाल्याशी वाद घालून येतात म्हणजे तब्येत चांगलीच म्हणायची. फॉलोअपला ऑन्कोलॉजिस्ट म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर तपासतात, काखा मान पोट बघतात आणि सीबीसी, लिव्हर किडनी आणि एलडीएच (रक्तात मोजतात ते एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं करणारं प्रथिन) करून आणायला सांगतात. दर वेळी हॉस्पिटलच्याच लॅबमधे करायचो, एलडीएच १८५, १९२ असं काहीतरी यायचं, बाजूला २४८ पर्यंत नॉर्मल असं लिहिलेलं असायचं, आम्ही ते बघायचो आणि फाईल बंद.

या मे महिन्यात दादाने पुण्यातून परस्पर उद्योग केला. उन्हाचं अण्णांना हॉस्पिटलला कशाला नेता, घरी माणूस येतो, आणि नुसतं एलडीएच कशाला, पूर्ण कॅन्सर मार्कर पॅकेज आहे, पाच हजाराचं २९९९ ला. सीईए, सीए १९-९, एएफपी, पीएसए, एलडीएच, अल्कलाइन फॉस्फटेज, गॅमा जीटी, अमायलेज, वर शुगर थायरॉईड व्हिटॅमिन सगळं. ॲपवर त्या एलडीएचच्या पुढे चक्क लिहिलंय की 'शरीरातील कॅन्सरचा अंदाज देणारे एन्झाइम'. मी बीएस्सी केमिस्ट्री करून बँकेत चेक क्लिअर करते त्यामुळे माझं ज्ञान काय ते मला माहितीये, पण तेव्हाही ते वाक्य खटकलं होतं. दादा म्हणाला तू फार विचार करतेस. बुक झालं.

स्लॉट सकाळी साडेसहा ते सातचा. मुलगा आला सव्वाआठला. अण्णा उपाशी, चहाशिवाय, म्हणजे घरात काय वातावरण असेल बघा. मुलगा वागायला चांगला होता, खोटं कशाला बोलू, काका काका करत होता, घामाघूम झाला होता, पाणी मागितलं, म्हणाला ताई आज अकरा घरं आहेत. पण अण्णांच्या शिरा केमोने पार गेलेल्या. ज्यांच्या घरी केमो झालीये त्यांना माहितीये, हात चोळा, मूठ आवळा, काही दिसत नाही. त्याने कोपरात एकदा टोचलं, नाही मिळालं, दुसऱ्या हाताला टोचलं, थोडं आलं आणि थांबलं, मग हाताच्या मागच्या बाजूला एकदम बारीक सुई घालून सिरिंजचा दांडा जोरात मागे ओढला. पट्टा दंडाला तोपर्यंत तीन-चार मिनिटं तरी बांधलेला. रक्त फेसाळत आल्यासारखं आलं. मग तीच बारीक सुई ट्यूबच्या रबरी झाकणात खुपसून अंगठ्याने दांडा दाबून रक्त आत ढकललं आणि ट्यूब लिंबू सरबताची बाटली हलवावी तशी खडखडून हलवली. मी समोर उभी होते. मला काय कळणार, मला वाटलं अशीच पद्धत असेल. सगळ्या ट्यूब एका पिशवीत, पिशवीत बर्फाचा पॅक, पॅकला चिकटून ट्यूब, पिशवी बाईकच्या हुकाला. अण्णांनी कापूस दाबून धरलेल्या हातानेच त्याला खिडकीतून सांगितलं, अरे चेन सैल आहे तुझी, आवाज येतोय, आवळून घे. गेला तो पुढच्या घरी.

रिपोर्ट संध्याकाळी साडेसातला व्हॉट्सॅपवर. एकोणीस पानी पीडीएफ. पहिल्या पानावर माणसाचं चित्र, वर हिरवे पिवळे लाल गोळे. आणि सातव्या पानावर लाल ठळक अक्षरात एलडीएच ६८४, बाण वर, नॉर्मल १२० ते २४६, खाली गाडीच्या स्पीडोमीटरसारखा काटा पार लालमधे. त्याखाली बारीक अक्षरात की वाढलेलं एलडीएच हे लिम्फोमा, ल्युकेमिया वगैरेमधे दिसू शकतं, आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लिम्फोमा शब्द वाचल्यावर मी पुढची बारा पानं वाचलीच नाहीत.

अण्णांना सांगायचं नाही असं मी आणि आईने ओट्यापाशी ठरवलं. पण लिंक अण्णांच्या नंबरवर पण गेली होती, दादाने बुकिंगला त्यांचा नंबर दिला होता. ते काहीच बोलले नाहीत. जेवले, गोळी घेतली, आणि रात्री अडीचला मी पाणी प्यायला उठले तर गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले आणि मान दाबून बघत होते, जिथे तेव्हा गाठ होती तिथे. मला बघून हात खाली घेतला, म्हणाले झोप बाळा, उकडतंय म्हणून बसलोय.

सकाळी नऊला लॅबचा फोन आला. मला वाटलं डॉक्टर असतील. नाही, टेलिकॉलर होती, 'सर तुमचे काही पॅरामीटर रेड आलेत, आमच्या डाएटिशियनशी बोलायचंय का, आज ४९९ ला आहे.' लिम्फोमावर डाएट प्लॅन. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दहा वाजता ऑन्कोलॉजिस्टकडे फोन लावला, ते ओपीडीत होते, त्यांच्या ज्युनियर डॉक्टरनी घेतला. तिने एलडीएचचा आकडा ऐकून पहिला प्रश्न काय विचारला असेल? पोटॅशियम किती आहे. मी शोधलं, अकराव्या पानावर होतं, ५.८, ते पण लाल. मग लिव्हरच्या टेस्ट विचारल्या, एसजीओटी? ४४, किंचित जास्त. एसजीपीटी? नॉर्मल. मग विचारलं ताप, वजन कमी, रात्री घाम, नवी गाठ काही आहे का? काहीच नाही. तर म्हणाली, 'ताई घाबरू नका, सॅम्पल हेमोलाइज झालेलं वाटतंय, म्हणजे रक्त काढताना लाल पेशी फुटल्यात, अण्णांना घेऊन जा आणि चांगल्या हाताने रक्त काढून फक्त एलडीएच आणि पोटॅशियम हे दोन पुन्हा करा, मग बघू.' दीड मिनिटाचा फोन. एकोणीस पानांत जे नव्हतं ते या दीड मिनिटात मिळालं.

इथे जरा केमिस्ट्री सांगते, कंटाळा आला तर पुढे जा. एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजनेज, हे काही कॅन्सरचं खास एन्झाइम नाही, अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, हृदय, लिव्हर, स्नायू, किडनी आणि लाल पेशीत तर ठासून, रक्ताच्या पाण्यात म्हणजे सिरममधे जितकं असतं त्याच्या शंभरपटीहून जास्त लाल पेशीच्या आत. पेशी मेली किंवा फुटली की ते बाहेर सांडतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, भराभर मरतात, वर त्या ऑक्सिजन असतानाही साखरेचं लॅक्टेट करत बसतात, ओट्टो वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात हे बघितलं होतं, आणि लॅक्टेट करणारं शेवटचं मशीन म्हणजे हेच एन्झाइम. म्हणून लिम्फोमा, वृषणाचा कॅन्सर, मेलॅनोमा असल्या आजारात डॉक्टर ते मोजतात, आजार किती पसरला असेल, उपचार लागू पडतोय का, हे बघायला. ज्याचं निदान झालंय त्याच्यासाठी. निदान होतं बायोप्सीने. अण्णांचं पण गाठीचा तुकडा काढूनच झालं होतं.

आता टेस्ट करताना एन्झाइम किती ग्रॅम आहे असं मोजत नाहीत, ते काम किती करतंय हे मोजतात. एका पद्धतीत पायरुव्हेट आणि एनएडीएच ही दोन रसायनं दिली की एलडीएच पायरुव्हेटचं लॅक्टेट करतं आणि एनएडीएच संपत जातं. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, त्यामुळे ते संपायला लागलं की मशीनचं रीडिंग खाली यायला लागतं, जितक्या वेगाने खाली तितकं एन्झाइम जोरात. मिनिटाला एक मायक्रोमोल (रसायन मोजायचं बारीक माप) बदललं म्हणजे एक युनिट. आता लाल पेशी सुईतून चेपून फुटल्या तर त्यांचं एलडीएच पण त्याच भांड्यात काम करायला लागतं, मशीनला काय माहिती हे लिम्फोमाचं की बारीक सुईचं. लाल पेशीत पोटॅशियम पण भरपूर, म्हणून ते पण वाढलं, म्हणून डॉक्टरनी आधी तेच विचारलं. आणि बर्फाचं म्हणाल तर एलडीएचच्या सॅम्पलला ते लागतच नाही, साध्या रूम टेंपरेचरला ठेवतात, त्याचा एक प्रकार थंडीत उलट मंदावतो. शिवाय सिरम वेगळं न करता रक्त बर्फाला चिकटवून ठेवलं तर पेशी फुटायला अजून मदत.

तर दुसरी लॅब. आमच्या एरियातलीच, जुनी, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. एक पॅथॉलॉजिस्ट मॅडम चालवतात, साठीच्या असतील, आणि त्यांच्याकडे एक टेक्निशियन आहेत ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. ॲप नाही, घरी येत नाहीत. भाऊंनी अण्णांचा हात बघितला, काही बोलले नाहीत, आतून गरम पाण्याची पिशवी आणली आणि हातावर ठेवून म्हणाले बसा दहा मिनिटं, पाणी प्या दोन ग्लास. मग स्पिरिट लावलं आणि ते वाळेपर्यंत थांबले, मला वाटलं विसरले की काय, तर म्हणाले ओलं असताना टोचलं तर स्पिरिट आत जातं आणि पेशी फुटतात. फुलपाखरासारख्या पंखांची सुई, पट्टा बांधला, शीर मिळाली की लगेच सोडला, रक्त ट्यूबमधे आपोआप उतरू दिलं, ट्यूब चार-पाच वेळा हळूच उलटीसुलटी केली आणि स्टॅंडला लावली. एकच टोचणी. अण्णा म्हणाले, झालं? त्यांना खरंच कळलं नव्हतं.

अर्धा तास रक्त गोठायला, मग सेंट्रीफ्यूज. मी भाऊंना म्हटलं मला बघायचंय, त्यांनी अण्णांची ट्यूब ट्यूबलाईटसमोर धरली, खाली लाल, मधे जेलचा थर आणि वर सिरम, पातळ चहापेक्षाही फिकं, गव्हाच्या काडीच्या रंगाचं, आरपार दिसेल असं. मग फेकायच्या रॅकमधून दुसरी कुणाचीतरी काढली, नाव अंगठ्याखाली झाकून, त्यात वरचं सिरम कोकम सरबतासारखं गुलाबी लाल. म्हणाले ही बाद केली, पेशंटला परत बोलावलंय. बास, एवढंच. बघून कळतं. डोळ्यांनी कळतं.

मग मला प्रश्न पडला की मग त्या मोठ्या लॅबला का नाही कळलं, तिथे तर लाखोंची मशीन. तर मॅडम म्हणाल्या की मोठ्या मशीनला तर जास्त चांगलं कळतं, आजकालची ॲनालायझर प्रत्येक सॅम्पलचं हेमोलिसिस, कावीळ, चरबी हे तिन्ही आपोआप मोजून आकडा देतात, तो रिपोर्टवर छापायचा की नाही, आणि सॅम्पल बाद करायचं की नाही, हे माणसं ठरवतात. हे ऐकून मी लॅबच्या कस्टमर केअरला फोन लावला. पहिल्या दोघांनी तिकीट नंबर दिला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लॅबच्या आतला माणूस लाईनवर आला, बिचारा सरळ होता, बारकोड विचारला, टकटक केलं आणि म्हणाला, 'हो मॅडम, सिस्टीममधे हेमोलिसिस प्लस थ्री दाखवतंय.' म्हणजे लाल पेशी बऱ्याच फुटलेल्या. मी म्हटलं मग रिपोर्टवर का नाही? तर म्हणे पॅकेजच्या फॉरमॅटमधे रिमार्कचा कॉलम येत नाही. एकोणीस पानं, माणसाचं चित्र, गोळे, काटे, डाएटची जाहिरात, पण रिमार्कला जागा नाही. दोन स्टार का दिले ते कळलं असेल. प्लस थ्री असेल तर पोटॅशियम आणि एलडीएच द्यायचंच नसतं, पुन्हा सॅम्पल मागायचं असतं, हे भाऊंनी बारावी नापास माणसालाही समजेल असं सांगितलं.

पण गंमत पुढे आहे. भाऊंनी रक्त काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमच्या लॅबमधून रिपोर्ट घेतला, साधा एक कागद, निळ्या शाईची सही. जिन्यातच उघडला. एलडीएच ३३८. माझे पाय तिथेच थिजले, २४६ पेक्षा जास्तच की. कमी झालंय पण जास्तच आहे, म्हणजे खरंच आहे काहीतरी, अशी सगळी फिल्म डोक्यात चालू. बाजूचा कॉलम बघायचं सुचलंच नाही. उलटी वर गेले, मॅडमनी कागद हातात घेऊन पेनाने शेजारी गोल केला, २२५ ते ४५०. म्हणाल्या अगं नॉर्मल आहे, आमच्याकडे सेमी ऑटो मशीन आणि जुन्या पद्धतीचं किट आहे, आम्ही पायरुव्हेटकडून लॅक्टेटकडे मोजतो, त्या दिशेला हे एन्झाइम जास्त जोरात चालतं म्हणून आकडेच मोठे येतात. तुमच्या हॉस्पिटलमधे उलट दिशेने मोजत असतील किंवा वेगळ्या पद्धतीने, तिथे अडीचशेच्या आत नॉर्मल. आकड्याला आकडा लावायचाच नाही, वरच्या मर्यादेच्या किती पट ते बघायचं. मी मोबाईलवर गणित केलं, ३३८ भागिले ४५० म्हणजे पाऊणपट. अण्णांचं जुनं १९२ भागिले २४८, तेही पाऊणच्या जरा वर. म्हणजे वर्षभरात सुई हललीच नव्हती. मॅडम म्हणाल्या वृषणाच्या कॅन्सरची स्टेज ठरवताना पण असंच, दीडपट, दहापट असंच लिहितात, नुसता आकडा लिहीत नाहीत, याच कारणासाठी.

त्या दिवशी लॅबमधे गर्दी नव्हती म्हणून मॅडम बोलत बसल्या. मला वाटायचं रक्तातल्या एन्झाइमवरून कॅन्सर शोधणं हे काहीतरी नवीन फॅड असेल. तर म्हणाल्या ही फार जुनी गोष्ट आहे, १९३८ मधे गटमन नवरा-बायकोने अमेरिकेत दाखवलं की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरला की रक्तात ॲसिड फॉस्फटेज वाढतं. १९४१ मधे शिकागोच्या चार्ल्स हगिन्सनी तेच एन्झाइम मोजत मोजत सिद्ध केलं की पुरुषी हार्मोन बंद केलं की हा कॅन्सर आटतो, हार्मोन पुन्हा दिलं की आकडा पुन्हा वर. त्या कामाला १९६६ मधे नोबेल मिळालं. मॅडम म्हणाल्या आम्ही शिकत होतो तेव्हा प्रोस्टेटसाठी ॲसिड फॉस्फटेजच पाठवायचे, पुढे पीएसए आलं आणि ते मागे पडलं, आता वर्षात एखादी चिठ्ठी येते. आणि पीएसए स्वतः पण एन्झाइमच आहे, पण त्याचं काम मोजत नाहीत, अँटीबॉडीने पकडून किती आहे ते मोजतात. मला हे माहितीच नव्हतं. अजून एक आवडलं ते म्हणजे रेगन. बॉस्टनला १९६८ मधे रेगन आडनावाच्या एका फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात जे अल्कलाइन फॉस्फटेज सापडलं ते गरोदर बाईच्या वारेतून येतं तसलं होतं, म्हणून त्या एन्झाइमचं नावच रेगन आयसोएन्झाइम (एकाच एन्झाइमचा वेगळा प्रकार) पडलं. शोधणाऱ्याचं नाही, पेशंटचं नाव. अण्णांना घरी येऊन सांगितलं तर म्हणाले बरं झालं माझ्या नावाचं काही निघालं नाही.

आणि नुसतं एलडीएच वाढलं म्हणून कॅन्सर धरून बसणाऱ्यांसाठी आमच्या बँकेतलीच गोष्ट. आमच्या कॅशियरच्या सासूबाई, पूर्ण शाकाहारी, दूध पण घेत नव्हत्या, थकवा, पिवळट चेहरा, एलडीएच निघालं तीन हजारच्या वर आणि रक्तातल्या तिन्ही पेशी (लाल, पांढऱ्या, प्लेटलेट) कमी. घरात ल्युकेमिया हा शब्द दोन दिवस फिरत होता. निघालं काय, बी-१२ ची कमतरता. ते नसेल तर हाडाच्या मगजात लाल पेशी बनताबनताच फुटतात आणि सगळं एलडीएच रक्तात. इंजेक्शनं घेतली, काही आठवड्यांत आकडा खाली. अल्कलाइन फॉस्फटेजचं पण तसंच, वाढत्या वयाच्या पोरांचं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं कारण हाडं वाढत असतात, आणि काही रिपोर्टवर मर्यादा मोठ्यांचीच छापलेली, मग तेरा वर्षांच्या मुलाच्या आईने काय करायचं.

दादाला हे सगळं फोनवर सांगितलं तर त्याने मान्य करायच्या ऐवजी एक लिंक पाठवली की बघ स्वीडनमधे एन्झाइमवरून कॅन्सर कळतो. वाचली मी. ती थायमिडिन कायनेज नावाच्या एन्झाइमची टेस्ट आहे, पेशी विभागायला लागल्या की ते वाढतं, उप्साला गावच्या कंपनीची, तिला २०२२ मधे अमेरिकेच्या एफडीएने परवानगी दिली. पण कशासाठी, तर पाळी बंद झालेल्या बायकांमधे आधीच निदान झालेला, पसरलेला, हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारचा स्तनाचा कॅन्सर कसा चाललाय ते बघायला. धडधाकट माणसात शोधायला नव्हे. दादाला म्हटलं तुझ्या लिंकमधेच लिहिलंय रे, शेवटपर्यंत वाच. ब्लू टिक आली, उत्तर नाही आलं.

आता निष्पक्षपणे बोलायचं तर घरपोच लॅबने शेवटी फुकट रिपीट करून दिलं, मी मागितलं म्हणून, स्वतःहून नाही. यावेळी एक मुलगी आली, वेळेवर, तिने हात बघितला आणि बॅगेतून तीच फुलपाखरू सुई काढली, म्हणजे ती त्यांच्याकडे असते बरं का, पहिल्याला दिली नव्हती की त्याला घाई होती देव जाणे. तिने बर्फाचा पॅक आणि ट्यूबच्या मधे नॅपकिनची घडी घातली, एलडीएचची ट्यूब तर वेगळ्याच खणात. आकडा आला १९६, मर्यादा २४६. पुन्हा पाऊणच्या जरा वर, तिन्हीकडे तेच. मी तिला म्हटलं तुझं नाव कळव मी ऑफिसला चांगलं लिहिते, ती म्हणाली ताई नको, मग सगळे माझाच स्लॉट मागतील आणि मला अकराच्या जागी पंधरा घरं देतील. त्या पहिल्या मुलाचा राग पण तेव्हाच थोडा उतरला. सात वाजता एक घर, सव्वासातला दुसरं, मे महिन्याच्या उन्हात, कोण गरम पाण्याची पिशवी ठेवून दहा मिनिटं बसेल. पैसे मात्र परत दिले नाहीत, ॲपच्या वॉलेटमधे ३०० रुपये टाकलेत, सहा महिन्यांत वापरायचे, पुढच्या पॅकेजवर.

मग घरपोच घ्यायचंच नाही का? शुगर, थायरॉईड, लिपिडसाठी घ्या, मी पण घेईन, आईचं थायरॉईड त्यांच्याकडूनच करते आणि ठीक येतं. पण कॅन्सरच्या फॉलोअपचं एलडीएच असेल, आणि शिरा गेलेल्या असतील, तर नाही. आणि ते मार्कर पॅकेज तर कुणीच घेऊ नका ज्यांना डॉक्टरनी सांगितलेलं नाही. चुकून घेतलंच आणि एलडीएच लाल आलं तर त्याच रिपोर्टमधे पोटॅशियम बघा, ते पण वर असेल तर लॅबला फोन करून विचारा सॅम्पल हेमोलाइज होतं का, हाच शब्द वापरा, तिकीट नंबरवर समाधान मानू नका. पोटॅशियम नॉर्मल असेल तरी रात्रभर गूगल न करता डॉक्टरकडे जा. आणि जिथे पहिल्यापासून करताय तिथेच करत राहा, आम्ही आता पुन्हा हॉस्पिटलच्या लॅबलाच जाणार, उगाच तीन ठिकाणचे तीन आकडे घेऊन भागाकार कोण करत बसेल.

मॅडमच्या लॅबला साडेचार स्टार. अर्धा कापला कारण जिना उभा आहे, कठडा हलतो, अण्णांना दोनदा थांबावं लागलं, आणि सेमी ऑटो मशीन असल्यामुळे एलडीएच रोज लावत नाहीत, तीन-चार सॅम्पल जमली की लावतात, म्हणून रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. ३५० रुपये घेतले, पोटॅशियमचे वेगळे १५०. जाताना आधी फोन करा, भाऊ गुरुवारी नसतात, त्या दिवशी नवीन मुलगा असतो. गाडी लावायला जागा नाही, झेरॉक्सवाला ओरडतो, रिक्षाने गेलेलं बरं.